आढळले नाही

ऋजुता बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची बॅग होती आणि काखेत काड्यांचा खोका. रिक्षावाल्याने खोका घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "तो राहू द्या दादा, तो मी घेते."

प्रतिभा खोचरेचं घर सांगलीत विश्रामबागला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अन्न व औषध प्रशासनातून सहआयुक्त म्हणून निवृत्त झाल्यापासून ती एकटीच राहत होती. लेक येणार म्हणून तिने सकाळपासून ओट्यापाशीच ठाण मांडलं होतं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबट वरण, वर घरच्या लोण्याचा गोळा. ऋजुता हातपाय धुऊन टेबलाशी बसली, ताटाकडे बघून हसली, म्हणाली, "किती दिवसांनी गं." मग खोक्यातून एक काडी काढून तिने ती वरणात बुडवली आणि फोनला लावली.

फोनवर नावं उमटायला लागली. शिसं. कॅडमियम. दोन कीटकनाशकं. आणखी एक लांबलचक नाव, जे प्रतिभालाही पटकन आठवेना. प्रत्येकापुढे आकडा, आणि आकड्याच्या आधी शून्यांची रांग.

"डाळ कुठली आहे?" ऋजुताने विचारलं.

"नेहमीच्याच दुकानातली. ऋजू, आकडे बघ की. मर्यादेच्या जवळपाससुद्धा नाही एकही."

"पण आहे ना?"

भाकरीत होतं. पाल्याच्या भाजीत तर यादी फोनच्या पडद्याखाली गेली. लोण्यात काडी बुडवून झाल्यावर ऋजुताने ताट हळूच पुढे सरकवलं, बॅगेतून एक पांढरा डबा काढला आणि पेल्यात पाण्यात पूड कालवायला लागली. डब्यावर 'चोख' असं लिहिलेलं होतं. धान्य धुऊन, गाळून, विरघळवून, पुन्हा गोळा करून बनवलेली पूड. काडीला तिच्यात काहीच सापडत नसे. जिभेलाही सापडत नसे.

प्रतिभाने ते ताट उचललं आणि स्वतः जेवायला बसली. घास तोंडात फिरत राहिला.

या 'आहे ना'साठीच तिचा सगळा जन्म गेला होता. नोकरीला लागली तेव्हा ती अन्न निरीक्षक होती आणि पहिलाच मोठा छापा हळदीवर घातला होता. रंग उठून दिसावा म्हणून हळकुंडांना शिशाचा पिवळा रंग चोपडलेला. तिने नमुना घेतला, सील केला, प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल यायला आठवड्यांवर आठवडे गेले. अहवाल आला तोवर ती हळद विकून, खाऊन, पचून गेली होती. पुढे खटला वर्षानुवर्षं चालला. अशा कितीतरी वेळा ती मागाहून पोचली. दुधात युरिया, मिरचीत रंग, खव्यात काय काय. बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, दिल्लीच्या समित्यांवर नेमणूक झाली, आणि प्रत्येक ठिकाणी ती एकच गोष्ट मागत राहिली. घास तोंडात जाण्याआधी, ज्याचा घास त्याला कळलं पाहिजे.

काडी आली ती तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. दिसायला कान कोरायच्या काडीपेक्षा जरा जाड, टोकाला सोन्याचा खरखरीत लेप. अन्नात बुडवली की त्यातले रेणू त्या सोन्याला जाऊन चिकटतात. फोनमधला बारीकसा लेसर त्यांच्यावर प्रकाश टाकतो, आणि प्रत्येक रेणू तो प्रकाश आपापल्या ढंगाने परत फेकतो. अंधारात आपण माणूस आवाजावरून ओळखतो, तसा फोन त्या परतलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखतो. धातूंना असा स्वतःचा आवाज नसतो, म्हणून सोन्यावर आधीच काही रेणू बसवून ठेवलेले असतात. धातू त्यांच्या पकडीत अडकला की त्यांचा सूर बदलतो, आणि फोनला ते कळतं. जे काम करायला प्रयोगशाळेला खोलीभर यंत्रं लागायची, ते आता भाजी घेताना गाड्यापाशी उभ्या उभ्या होत होतं.

या काडीला मान्यता देणाऱ्या समितीवर प्रतिभा होती. पडद्यावर फक्त हिरवा किंवा लाल दिवा दाखवावा, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं. मग हिरव्याच्या आड काय काय दडवलंय, असं लोक विचारू लागले. मोर्चे निघाले. शेवटी नियम झाला की जे सापडेल ते सगळं दाखवायचं. प्रतिभाचंही मत तेच पडलं. लपवाछपवी करणाऱ्यांशी भांडण्यात उभी हयात गेलेल्या बाईचं दुसरं मत पडलंच नसतं.

प्रयोगशाळेच्या अहवालात एक शब्दप्रयोग असतो, 'आढळले नाही'. त्याचा खरा अर्थ, आमच्या यंत्राला दिसेल इतकं नव्हतं. पण वाचणारा तो नुसता 'नाही' असा वाचायचा. दुकानदार तसा वाचायचा, न्यायाधीश तसा वाचायचे, आणि दिवसभराच्या घाईत अधिकारीही तसाच वाचायचे. काडीला मात्र विहिरीत टाकलेला मिठाचा खडा दिसत होता. 'आढळले नाही' हे शब्द बघता बघता नाहीसे झाले, कारण हवेतून, पाण्यातून, मागच्या पिढ्यांनी फवारलेल्या मातीतून सगळीकडे सगळंच थोडं थोडं पोचलेलं होतं. ते आधीही होतं. दिसायला लागलं, एवढंच झालं.

सुरुवातीला भेसळ करणारे पटापट पकडले गेले, आणि प्रतिभाने ते सुखाने पाहिलं. पण भेसळखोर संपले तरी काड्या थांबल्या नाहीत. मंडईत बाया वांग्यात काडी खुपसायच्या आणि वांगं परत ठेवायच्या. खुपसलेलं वांगं दुसरी घ्यायची नाही. लग्नांतून लोक अक्षता टाकायचे, ताटावर बसायचे, काड्या काढायचे आणि न जेवता घरी जायचे. शाळेत पोरं एकमेकांचा डबा खाईनात. आणि 'चोख'चे पांढरे डबे किराणा दुकानांच्या फळ्यांवर वरपासून खालपर्यंत दिसायला लागले.

त्या दुपारी जेवणानंतर प्रतिभा लेकीजवळ पलंगावर बसली आणि तिला समजावायला लागली. मर्यादा कशी ठरते ते तिने सांगितलं. उंदरांना एखादा पदार्थ वाढत्या प्रमाणात देतात, ज्या प्रमाणाला त्यांना काहीच होत नाही ते धरतात, त्याला शंभराने भागतात, आणि मग तेवढंच माणसाला चालेल असं म्हणतात. "शंभरपट सोडून दिलेलं असतं गं. आणि तुझ्या वरणात त्याच्याही कितीतरी खाली आहे."

ऋजुता पुण्यात पुलांची आखणी करणाऱ्या कंपनीत होती. भार, ताण, सुरक्षिततेचं प्रमाण हे तिचं रोजचं काम. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, त्या उंदरांना एका वेळी एकच दिलं होतं ना?"

"हो. तशीच पद्धत असते."

"मी रोज पन्नास खाते. एकदम. सगळी मिळून काय करतात, ते कुणी बघितलंय?"

हाच प्रश्न प्रतिभाने स्वतः दिल्लीत विचारला होता, आणि तिथे सगळे गप्प झाले होते. "थोडंफार बघितलंय," ती म्हणाली. "पूर्ण नाही."

"मग मला पूर्ण कळेपर्यंत थांबू दे." ऋजुताने पोटावर हात ठेवला. "माझ्या एकटीचं असतं तर खाल्लं असतं मी."

महिनाभराने स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर अणेकरबाईंनी सोनोग्राफी करून प्रतिभाला बाजूला घेतलं. बाळाची वाढ अडली होती. ऋजुताचं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं, रक्त कमी होतं. "माझ्याकडे आता निम्म्या बायका अशाच येतात," अणेकरबाई म्हणाल्या. "मी सांगून थकले. तुमच्याकडून तरी ऐकतील म्हणून मी पेशंटना तुमचं नाव सांगते, तर तुमच्याच घरात हे."

त्याच आठवड्यात एका महिला मंडळाने प्रतिभाला बोलायला बोलावलं होतं. ती बोललीही चांगलं. न घाबरता खा, असं तिने परोपरीने सांगितलं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठली. "मॅडम, तुम्ही इथे ऑफिसर होता तेव्हा आमच्या शाळेत आला होता. शंका आली तर खाऊ नका, असं आमच्याकडून घोकून घेतलं होतंत. आता आम्हाला शंका आलीये तर खा म्हणताय." बाईच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रतिभाने जे उत्तर दिलं ते तिचं तिलाच पटलं नाही, आणि सभागृहातल्या बाया एकमेकींकडे बघत उठल्या.

घरी परत येताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी घेतली.

काडीची एक खोड समितीच्या चाचण्यांत सापडली होती. अंड्याचा पांढरा भाग त्या सोन्यावर वाळला की त्याचा अगदी पातळ पापुद्रा बसतो, आणि मग दुसऱ्या रेणूंना टेकायला जागाच उरत नाही. फोनला अंड्याचं प्रथिन दिसतं, ते तो अन्न म्हणून सोडून देतो, आणि पडदा कोरा राहतो. वापरणाऱ्याने काडी नीट धुवावी, एवढी सूचना खोक्यावर छापून तो विषय मिटवला होता.

ऋजुता झोपली होती. प्रतिभाने स्वयंपाकघराचं दार लोटलं, वाटीत पांढरा भाग पाण्यात फेटला आणि खोक्यातली एकेक काडी त्यात बुडवून ताटलीत वाळत ठेवली. काम सोपं होतं. हात मात्र सारखे ओले होत होते, ते ती पदराला पुसत होती. वाळलेल्या काड्या तिने होत्या तशा रचून ठेवल्या. आयुष्यभर तिने ज्यांना पकडलं त्यांतले काहीजण तिला त्या वेळी आठवले. पोटासाठी करतो बाई, असं ते म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की खानापूरकडे एका ओळखीच्या माणसाचं शेत आहे, तिथून डाळ, बाजरी, भाजी मागवली. ऋजुताने वरणात काडी बुडवली. पडदा कोरा. तिने दुसरी काडी घेतली. कोरा. ती आईकडे बघतच राहिली.

"खरंच काही नाही गं."

"सांगितलं ना," प्रतिभा म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

ऋजुता जेवली. कितीतरी महिन्यांनी माणसासारखी जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली, वरणाची वाटी बोटाने पुसून घेतली. नंतर तिथेच टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ रडली. "मला किती भूक लागायची माहितीये?" ती म्हणाली. प्रतिभा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

पुढचे दिवस चांगले गेले. ऋजुता लाडू खायची, खारीक-खोबरं खायची, शेवग्याच्या पाल्याची भाजी मागून खायची. गालांवर रंग आला. अणेकरबाई समाधानाने मान हलवायला लागल्या. आणि दिवस भरल्यावर मुलगी झाली. चांगल्या वजनाची, काळ्याभोर जावळाची, पहिल्याच दिवशी स्तनाला अशी लागली की दायांनाही हसू आलं.

ऋजुताने घरी आल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर वाटीत थोडं अंगावरचं दूध काढून त्यात काडी बुडवली. प्रतिभा अळिवाची खीर घेऊन दारात उभी होती. दूधही तपासलं जाईल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. पडदा कोरा आला. ऋजुताने तो फोटो काढून पुण्याला नवऱ्याला पाठवला.

बाराव्या दिवसानंतरच्या रविवारी निहार आला. जावई साधा, कमी बोलणारा. मुलीला मांडीवर घेऊन तो तासन्तास बसायचा. येताना त्याने ऋजुताने सांगितल्याप्रमाणे काड्यांचा नवा खोका आणला होता. प्रतिभा देवळातून परत आली तेव्हा ती दोघं पलंगावर बसलेली होती, मध्ये वाटी होती, आणि फोनवर यादी होती.

"नव्या काड्या खराब असतील," निहार म्हणत होता.

ऋजुताने जुन्या खोक्यातली काडी घेतली आणि बेसिनपाशी जाऊन साबणाने, ब्रशने, खरवडून धुतली. मग दुधात बुडवली. तीच नावं आली. तिने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. "कधीपासून?" एवढंच तिने विचारलं.

प्रतिभाने सांगून टाकलं. खोटं बोलण्याचा तिला सरावही नव्हता. "तू जेवत नव्हतीस. बाळ वाढत नव्हतं. मी काय करायला पाहिजे होतं ते सांग."

"मला विचारायला पाहिजे होतं."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही." ऋजुताचा आवाज चढला नाही. "म्हणून तर विचारायचं असतं ना, आई?"

पडद्यावर वरून तिसरं नाव डी.डी.टी.चं होतं. निहारने ते वाचलं आणि म्हणाला, "हे तर शेतीत केव्हाचं बंद झालंय. ही कधी खाणार?" प्रतिभाला त्याचं उत्तर माहीत होतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण आता एकदा लपवून झाल्यावर पुन्हा लपवण्याचा तिला धीर झाला नाही.

"ते चरबीत राहतं," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं जात नाही. बाईच्या अंगातून ते बाहेर पडायला दूध हीच मोठी वाट असते. पहिल्या मुलाला सगळ्यात जास्त जातं. मी लहान असताना डासांसाठी घरोघर फवारायचे. माझ्यात आलं, माझ्यातून ऋजूत आलं. आता उरलंय ते अगदीच थोडं."

ऋजुताने मुलीकडे पाहिलं. ती झोपेत ओठ हलवत होती.

"म्हणजे तू मला दिलंस आणि मी हिला देतेय."

"सगळ्या आया देतात, ऋजू. जगात कुठल्याही बाईचं दूध घे. तरीसुद्धा बाळाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मी तुला वर्षभर पाजलं, तुला काय झालं?"

"तेव्हा तुला माहीत नव्हतं," ऋजुता म्हणाली. "मला माहीत आहे."

अंगावरच्या दुधाला मर्यादा ठरवलेली नव्हती. वरणाला होती, हळदीला होती, गाईच्या दुधाला होती. आईच्या दुधाला मर्यादा लावायचं समितीतल्या कुणालाही कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी धजलं नसतं. ऋजुताने विचारलं असतं, किती चालतं, तर दाखवायला प्रतिभाकडे आकडाच नव्हता. पण तिने विचारलंच नाही. त्या दिवसापासून तिने आईला काहीच विचारायचं सोडून दिलं.

मुलीला 'चोख'चं लहान बाळांसाठीचं दूध सुरू झालं. ऋजुता सगळं स्वतः करायची. वाटी, चमचा, बाटली कशालाही ती प्रतिभाला हात लावू द्यायची नाही. स्वतःचं दूध ती दर काही तासांनी पिळून बेसिनमध्ये सोडायची. छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा. तेवढं मात्र ती आईला करू द्यायची. प्रतिभा गरम पाण्यात फडकं पिळून छातीवर ठेवायची. ऋजुता डोळे मिटून दात आवळून बसायची.

निहारने जाताना फाटकापाशी थांबून हळू आवाजात सांगितलं, "आई, तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. पण मी असं म्हणालो हे तिला कळू देऊ नका."

एके सकाळी प्रतिभाने पाहिलं की ऋजुता पूड तशाच पाण्यात कालवतेय.

"पाणी उकळलंस का?"

"नाही."

"ऋजू, एवढ्या बाळाला न उकळलेलं पाणी?"

ऋजुताने दोन पेले पुढे ठेवले. एक साधं पाणी, एक उकळून गार केलेलं. दोन्हींत काडी बुडवून तिने फोन आईपुढे धरला. उकळलेल्या पाण्याचे आकडे जास्त होते. ते खरंच होतं. वाफ होऊन पाणी उडतं, धातू मागे राहतात, आणि उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण वाढतं. प्रतिभा स्वतः विद्यार्थ्यांना हे शिकवून आली होती.

"काडीला जंतू दिसत नाहीत गं. तिला रेणू कळतात. जंतू जिवंत असतात, ते तिच्या यादीत नाहीतच. उकळायचं असतं ते त्यांच्यासाठी."

"हे तू सांगतेयस," ऋजुता म्हणाली.

प्रतिभाने निहारला फोन केला, त्याने ऋजुताला समजावलं, ऋजुता हो म्हणाली. नंतर ती उकळते की नाही हे बघायला प्रतिभा स्वयंपाकघरात गेली की ती हातातलं काम थांबवून उभी राहायची. अणेकरबाईंनीही फोनवर सांगून पाहिलं. त्यांचंही तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मुलीला जुलाब सुरू झाले ते एका मंगळवारी. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, टाळू आत ओढली गेली, रडणं बारीक झालं. मिरजेच्या बालरुग्णालयात नेलं. तिच्या एवढ्याशा मनगटाला शीर सापडेना म्हणून डोक्याच्या शिरेतून सलाइन लावावं लागलं. जावळ तेवढ्या जागेपुरतं काढून टाकलं होतं. ऋजुता ते बघत भिंतीला टेकून उभी होती. प्रतिभाने तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकला नाही, पण त्याच्याकडे वळलीही नाही.

वॉर्डात तशी आणखी बाळं होती. बाजूच्या खाटेवरच्या बाईने 'चोख'चा डबा उशाशी ठेवला होता. त्या विभागाच्या डॉक्टर शेटे तरुण होत्या, सारख्या या खाटेपासून त्या खाटेपर्यंत फिरत होत्या. दोन दिवसांनी मुलगी जराशी सावरली, तेव्हा त्या ऋजुताजवळ येऊन बसल्या.

"आता तोंडाने सुरू करायचंय. पूड नको, आतडं सोललं गेलंय तिचं. अंगावरचं दूध लागेल. तुम्हाला येतंय ना अजून?"

"येतंय," ऋजुता म्हणाली. "पण ते नको. तुमच्याकडे दुधाची पेढी आहे असं बाहेर लिहिलंय. तिथलं द्या."

डॉक्टर शेटेंना कळेना. "पेढीतलं दूध दहा बायकांचं एकत्र केलेलं असतं. ज्यांच्या आईला दूधच येत नाही त्यांच्यासाठी आम्ही ते ठेवतो. ते जंतुविरहित असतं, चांगलं असतं. पण त्या बायांच्या अंगातही तुमच्यासारखंच सगळं असणार. काडी बुडवलीत तर तीच यादी येईल."

"बुडवणार नाही."

"मग?"

ऋजुताने मुलीच्या डोक्यावरची चिकटपट्टी बोटाने नीट केली. "त्यांच्या दुधात काय आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्यात काय आहे ते एकेक नाव घेऊन माहीत आहे. ते बघून मला तिच्या तोंडात देता येत नाही. मी दोनदा करून पाहिलं घरी. हात पुढे जात नाही."

डॉक्टर शेटेंनी प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभा खोचरे कोण हे त्यांना माहीत होतं. मिरज-सांगलीत सगळ्यांनाच माहीत होतं. या बाई आता काहीतरी बोलतील, दोन वाक्यांत समजावतील, अशा अपेक्षेने त्या थांबल्या.

प्रतिभाला सगळं ठाऊक होतं. कुठलं दूध बरं, का बरं, किती पटीने बरं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपल्या तोंडून निघालेला कुठलाही शब्द तिथपर्यंत पोचणार नव्हता.

"पेढीतलंच द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "आत्ता तिच्या पोटात जाऊ दे."

थोड्या वेळाने नर्स कोमट केलेलं दूध एका छोट्या वाटीत घेऊन आली. ऋजुताने मुलीला मांडीवर घेतलं, मान वर धरली आणि चमचा ओठांना लावला. मुलीने आधी तोंड फिरवलं. मग चव कळली तशी जीभ बाहेर काढली, आणि चमच्याला ओठ लावून ओढायला लागली. चुक चुक असा बारीक आवाज यायला लागला.

"घेतेय," नर्स म्हणाली. "छान घेतेय."

ऋजुता दुसरा चमचा भरत होती. मुलीच्या ओढण्याच्या आवाजासरशी तिच्या ब्लाउजवर दोन्हीकडे दुधाची ओल उमटली आणि पसरत पोटापर्यंत आली. तिला ते कळलं, पण दोन्ही हात गुंतलेले होते. प्रतिभा उठली, तिने आपली शाल काढून लेकीच्या अंगावरून पुढे ओढून घेतली, आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसली. शालीलाही हळूहळू ओल येत होती. ऋजुता खाली बघून तिसरा चमचा भरत होती.